अभ्यासिकेची खुर्ची: महिन्याचे पैसे नेमके कशाचे?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, समर्थनगर, टी.व्ही. सेंटर, विद्यापीठ गेट, कुठंही मान वर करून बघा, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर अभ्यासिकेचा फ्लेक्स असतोच. ‘फुल्ल एसी, वायफाय, आर.ओ. पाणी, सीसीटीव्ही, शांत वातावरण’ आणि खाली गेल्या निकालातले फेटे बांधलेले पाच-सहा चेहरे. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरकडे तेच. लातूरच्या ट्यूशन एरियातही तेच, फक्त तिथं राज्यसेवेपेक्षा, म्हणजे एमपीएससीच्या अधिकारी भरतीपेक्षा, मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची पोरं जास्त. हे परीक्षण कुठल्या एका अभ्यासिकेचं नाही. त्या फ्लेक्सखाली जी वस्तू विकली जाते तिचं आहे: महिनाभरासाठी एक टेबल, एक खुर्ची आणि डोक्यावर अर्धा पंखा.

ही वस्तू घेणारा पुस्तकांसाठी येत नाही. पुस्तकं त्याची स्वतःचीच असतात. तो येतो ‘घरी होत नाही’ म्हणून. म्हणजे पैसे मोजतो ते सवयी मोडायला: उशिरा उठणं, हातातला मोबाइल, आज नको उद्या बसू. तेव्हा अभ्यासिकेचा कसही तिथंच लावायला हवा. आमचं मत आधीच सांगतो. घरच्या दोन-तीन वाईट सवयी ही खुर्ची खरंच सोडवते, पण स्वतःच्या दोन-तीन चिकटवून देते, आणि या नव्या सवयी जास्त महागात पडतात. कारण घरी वाया गेलेला दिवस वाया गेला हे निदान कळतं तरी. अभ्यासिकेत वाया गेलेला दिवस अभ्यासाच्या खात्यात जमा होतो.

आधी खुर्ची आणि टेबल

भाव भागाप्रमाणे, मजल्याप्रमाणे बदलतो. हिशेबापुरती साधी सीट १००० रुपये आणि एसी सीट १६०० रुपये धरू.

टेबल दोन फूट रुंद, दीड फूट खोल आणि दोन्ही बाजूंना प्लायचं पार्टिशन, हे नेहमीचं माप. दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर. वाचायला पुरतं. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. व्हायची होती २०२३ पासूनच, पुण्यातल्या आंदोलनानंतर ती पुढे गेली. नऊ पेपर, मराठी आणि इंग्रजीचे दोन फक्त पात्रतेपुरते, उरलेले सात प्रत्येकी २५० गुणांचे, म्हणजे १७५० गुण हाताने लिहून मिळवायचे. आता टेबलाकडे बघा. ए-फोर आकाराची उत्तरपत्रिका उघडी ठेवली की ४२ सेंटीमीटर जागा जाते, शेजारी प्रश्नपत्रिका ठेवली की आणखी २१. झाले ६३. दोन सेंटीमीटरनं काय होतं असं वाटेल, पण कोपर प्लायला घासत तीन तास लिहिता येत नाही. मग लिखाण ‘रूमवर करू’ म्हणून ढकललं जातं, आणि रूमवर टेबलच नसतं. ‘आधी सिलॅबस संपू दे, मग उत्तरं लिहायला घेऊ’ ही मुख्य परीक्षेच्या तयारीतली सगळ्यात घातक सवय आहे, आणि दोन फुटी टेबल तिला आयतं निमित्त पुरवतं. मुख्य देणाऱ्यानं अडीच फुटी टेबल मागावं. नसेलच तर रांगेच्या टोकाची, एका बाजूनं मोकळी असलेली सीट घ्यावी.

खुर्चीची बैठक जमिनीपासून १७-१८ इंच आणि टेबल २९-३० इंच असेल तर मध्यम उंचीच्या माणसाचे पाय जमिनीवर टेकतात आणि कोपर काटकोनात राहतं. प्लॅस्टिकची खुर्ची बघितली की लोक उशी आणतात. दोन इंचाची उशी टाकली की बूड सुखावतं, पण तेवढेच पाय अधांतरी होतात आणि तासाभरात मांड्या बधिर. मग उठणं, मग पाण्याच्या जारपाशी गप्पा. बैठक आणि पाठ कापडी असलेली खुर्ची मिळत असेल तर त्यासाठी शे-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही. वायफायसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. पासवर्डच मागून घेऊ नये.

उजेडाचं साधं गणित असं की उजव्या हातानं लिहिणाऱ्याला तो डावीकडून हवा, नाहीतर पेनाची सावली अक्षरावर पडते. वाचायला ३०० ते ५०० लक्स उजेड लागतो. मोबाइलवर लक्स मोजायची फुकट अॅप्स आहेत, तंतोतंत नसतात, पण १२० आणि ४०० मधला फरक नक्की दाखवतात. सीट बघायला जाताना टेबलावर मोबाइल उताणा ठेवून एकदा मोजा. पार्टिशन उंच असलं की छतावरची ट्यूब कितीही लख्ख असली तरी टेबलावर अंधार पडतो. अशा ठिकाणी टेबल लॅम्प चालतो का आणि सॉकेट प्रत्येक सीटला आहे का, हे विचारायचं.

लाइट गेल्यावर

‘इन्व्हर्टर आहे’ हे सगळेच सांगतात. विचारायचं ते ‘बॅटऱ्या किती?’ १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. घट धरून हातात १२००-१३०० आल्या तर नशीब. चाळीस सीटच्या हॉलला १० साधे पंखे, ७५ वॅटचे, झाले ७५०. वीस ट्यूबा २० वॅटच्या, ४००. एकूण ११५० वॅट. म्हणजे एका बॅटरीवर जेमतेम तासभर. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, असतील, तर ते प्रत्येकी ३० वॅटच्या आसपास खातात आणि तीच बॅटरी पावणेदोन तासांपर्यंत ओढते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडलेला असताना हा फरक मोठा आहे. दुपारी लाइट जाते, पंखे हळू होतात, पहिला माणूस उठतो, आणि पाच मिनिटांत अख्खी रांग खाली टपरीवर असते. लाइट परत येते तेव्हा परत येणारे निम्मेच.

एसीचं म्हणाल तर स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवून गार करतो. दारं-खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये चाळीस माणसं तीन-चार तास श्वास घेत बसली की हवा कोंदट होते, डोकं जड होतं, जांभया सुरू होतात. पोरं याला ‘दुपारचा आळस’ म्हणतात आणि स्वतःलाच दोष देतात. एक्झॉस्ट पंखा आहे का आणि तो चालू असतो का, हे दुपारी तीन वाजता जाऊन बघा. नसेल तर एसी सीटचे जास्तीचे ६०० रुपये झोपेसाठी भरले असं समजा. असेल आणि उन्हाळ्यात त्यामुळं रोज दीड तास जास्त बसणं होत असेल, तर २६ दिवसांत ३९ तास, तासाला साधारण १५ रुपये. एप्रिल ते जून हा सौदा चांगला आहे. जुलै ते फेब्रुवारी साधी सीट पुरते. बहुतेक जण उलट करतात: जूनला अॅडमिशन घेताना एसी घेतात आणि पैसे संपले की बरोब्बर मार्चमध्ये साध्या हॉलला येतात.

‘आज किती झाले?’

अभ्यासिकेतली खरी गोम इथं आहे. संध्याकाळी जिन्यात हा प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर येतं, ‘अकरा’. हे अकरा तास आले कुठून? बोटाचा ठसा देऊन आत आल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ. यातून चहाचे तीन ब्रेक काढा. म्हणायला पंधरा मिनिटांचे, पण जिना उतरून, टपरीवर लोकसेवा आयोगाला शिव्या घालून, परत वर येऊन बसेपर्यंत चाळीस, म्हणजे दोन तास. मेसला जाऊन येणं सव्वा तास. टेबलावर डोकं टेकून डुलकी एक तास. मोबाइल एक तास, आणि हे फारच सौम्य धरलं. उरले पावणेसहा. घरी फोन गेला तर आईला सांगायला मात्र अकराच.

बरं, या पावणेसहातही काय चाललेलं असतं ते पार्टिशनवरून डोकावलं की दिसतं. पिवळा हायलायटर, गुलाबी हायलायटर, तिसऱ्यांदा वाचून पूर्ण रंगलेलं पान. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग इथं सांगण्यासारखा आहे. एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्यानं तो एकदा वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर पारडं फिरलं: वाचणारे ४० वर, आठवून लिहिणारे ६१ वर. परीक्षा पाच मिनिटांनी कधीच नसते.

म्हणून पार्टिशनवर ‘कलेक्टर होणारच’ची चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा एक आखलेला कागद लावा. रकाने तीन: घटक, किती प्रश्न सोडवले, किती चुकले. तासांचा रकाना ठेवायचाच नाही. सकाळी बसल्यावर पहिली वीस मिनिटं पुस्तक उघडायचं नाही; काल जे वाचलं ते कोऱ्या पानावर आठवेल तसं लिहायचं, मग पुस्तक काढून गाळलेलं लाल पेनानं भरायचं. हे अंगावर येतं, कारण पान निम्मं रिकामं राहतं. ते रिकामेपण नको म्हणूनच तर माणूस हायलायटरकडे पळतो. त्यानंतर ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं जागेवरून उठणं. सुरुवातीला ५० जमत नसेल तर २५ आणि ५. वेळ लावायला मोबाइल नको, स्टेशनरीच्या दुकानात साधं टायमर मिळतं. आवाज बंद करता येईल असं घ्या, नाहीतर शेजारचा पहिल्याच दिवशी तक्रार करेल.

या कागदाशिवाय एक वही चुकांची. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढं चारपैकी एक अक्षर: ‘म’ माहितीच नव्हती, ‘व’ प्रश्न नीट वाचला नाही, ‘अ’ अंदाज फसला, ‘ब’ बरोबर उत्तर बदललं. रविवारी मोजायचं. ‘म’ जास्त असतील तर वाचायला हवं. ‘व’ जास्त असतील तर आणखी वाचून काही होणार नाही. ‘अयोग्य विधान ओळखा’मधल्या ‘अयोग्य’वर गोल करायची सवय लावावी लागेल. वर्षानुवर्षं तीन-चार मार्कांनी कट ऑफ हुकणाऱ्यांच्या वहीत ‘म’ कमी आणि ‘व’-‘ब’ जास्त निघतात असं वारंवार दिसतं. तरी निकाल लागला की ते नवीन पुस्तकच विकत घेतात.

टेस्ट टाळणारे

बऱ्याच अभ्यासिका आता रविवारची टेस्ट सिरीजही देतात, काही फुकट, काही वर तीन-चारशे घेऊन. या सेवेतला हा सगळ्यात कामाचा भाग, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. शनिवारी रात्री ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘माझा इतिहास झाला नाही अजून.’ ‘ही सोडतो, पुढची नक्की.’ किंवा टेस्टच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून सकाळी ‘झोपच झाली नाही राव’. १९७८ मध्ये बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं होतं की ज्यांना आपलं यश टिकेल याची खात्री नसते, असे लोक परीक्षेआधी जाणूनबुजून स्वतःच्या कामगिरीत खोडा घालणारा पर्याय निवडतात. म्हणजे नापास झालो तरी दोष खोड्याचा, माझ्या डोक्याचा नाही. अभ्यास न करताच परीक्षा दिली की ‘अभ्यास केला असता तर निघाली असती’ ही समजूत शाबूत राहते. आळस हा शब्द इथं चुकीचा आहे. ही भीती आहे, आणि ती दम देऊन जात नाही.

जाते ती टेस्ट लहान केल्यानं. पूर्ण पेपराची धास्ती असेल तर २५ प्रश्न, ३० मिनिटं, रोज संध्याकाळी सहाला. गुण कुणाला दाखवायचे नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ५० प्रश्न. मग पूर्ण पेपर, आणि तोही ओएमआर शीट आणि काळ्या बॉलपेनसह. शंभर गोल नीट भरायला आठ-दहा मिनिटं जातात. मोबाइलवर पर्याय दाबून सराव करणाऱ्याच्या नियोजनात ही मिनिटं नसतातच, आणि खऱ्या पेपरात शेवटचे दहा प्रश्न तिथंच जातात.

अभ्यासिकेच्या टेस्टमध्ये उणे गुण धरले जातात का, हे विचारून घ्या. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. बरोबरला २, चुकीला अर्धा वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले आणि उरलेल्या दोनातून एक निवडला, तर सरासरी प्रत्येक प्रश्नामागं पाऊण गुण हाती लागतो. असे बारा प्रश्न भीतीपोटी सोडले की नऊ गुण गेले. एकही पर्याय बाद झाला नसेल तर फायदा इतका किरकोळ की सोडलेलंच बरं. उलट २०२३ च्या तलाठी भरतीसारख्या, उणे गुण नसलेल्या परीक्षेत एक प्रश्न रिकामा ठेवणंही चूक. एकाच सीटवर बसून दोन्ही परीक्षा देणारे दोन्हीकडे एकच पद्धत वापरतात आणि दोन्हीकडे गुण घालवतात.

दुसरा पेपर, सी-सॅट, ३३ टक्क्यांना पात्रतेपुरता झाल्यापासून ‘तो निघतोच’ म्हणून बाजूला पडला आहे. २०० पैकी ६६ गुण म्हणजे थोडे वाटतात. पण ८० प्रश्न दोन तासांत, त्यात लांबलचक उतारे, आणि पेपर दुपारी. ज्याचं शरीर वर्षभर दुपारी जेवून टेबलावर झोपायला शिकलं आहे, त्याच्याकडून त्याच वेळी उताऱ्यांवर लक्ष मागायचं. यावर उपाय साधा आहे. रोजचा सी-सॅट सराव दुपारीच ठेवायचा, जेवणात भात निम्मा करायचा आणि झोप घ्यायचीच तर वीस मिनिटं, गजर लावून. मेसवाले दुपारच्या ताटात चपात्या वाढवून भात कमी देतात, सांगितलं तर. सांगत कुणी नाही.

चहा, मोबाइल आणि शेजारी

चहाला नाही म्हणणं अवघड आहे, कारण तिथं फक्त चहा नसतो. गावाकडून एकट्या आलेल्या पोराला तीच माणसं. म्हणून चहा सोडा असा सल्ला देणाऱ्यांनी कधी रूम करून राहून बघितलेलं नसतं. वेळ ठरवा. पार्टिशनवरून दोन बोटं हलली की नेहमीचं उत्तर ठरलेलं असावं: ‘साडेअकराला.’ एवढंच, पुढं कारण नाही. ‘असं झालं तर मी तसं करीन’ असं आधीच ठरवून ठेवलं की निश्चय टिकण्याची शक्यता बरीच वाढते, हे मानसशास्त्रज्ञ गॉलविट्झर यांनी दाखवून दिलेलं आहे. ऐन वेळी विचार करायला बसलं की मन चहाच्याच बाजूनं कौल देतं. चार दिवसांत टोळकंच साडेअकराला निघू लागतं.

मोबाइलसाठी लॉकर घ्या, आणि तो हॉलच्या बाहेर असेल तर उत्तम. टेबलाखालच्या लॉकरचा उपयोग फक्त पुस्तकांना. ‘पण माझे नोट्सच टेलिग्रामवर आहेत’ ही तक्रार खरी असते. मग दर शनिवारी आठवड्याला लागेल तेवढंच झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायचं. पानाला दोन-तीन रुपये मोजावे लागले की तीनशे पानांची पीडीएफ खरंच हवी का हे आपोआप कळतं. चॅनेलवरून साठवलेल्या पीडीएफ म्हणजे अभ्यास नव्हे, साठेबाजी. एका विषयाला एक पुस्तक आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, यापलीकडे तिसरी गोष्ट घेताना आधीची एक काढून टाकायची. फोन जवळ ठेवावाच लागत असेल, घरी कुणी आजारी असेल, तर अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड असतो. त्यात व्हिडिओ आणि चॅटची अॅप्स ठरलेल्या वेळेला बंद पडतात आणि घरचे कॉल येत राहतात.

सीट ठरलेली घ्यावी की ‘जो आधी येईल त्याची’? दोन्हींत फरक शंभर-दीडशेचा असतो. ठरलेलीच घ्या. सवय जागेला आणि वेळेला चिकटते. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, कुणाला १८, कुणाला २५४ सुद्धा. दर महिन्याला ‘वातावरण जमेना’ म्हणून अभ्यासिका बदलणारा माणूस त्या ६६ दिवसांची मोजणी दर वेळी शून्यावर आणतो. अभ्यासिका बदलणं हीसुद्धा एक सवय आहे, आणि तीत एक महिना छान जातो.

अभ्यासिका जे सांगत नाही

फेटेवाल्या फोटोंमुळं एक गोष्ट झाकली जाते: किती वर्षं बसायचं हे इथं कुणीच विचारत नाही. मालकाला विचारायचं कारण नाही, सीट भरलेली असली की झालं. राज्यसेवेला वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ही सवलत गरजेची आहे, पण तिच्यामुळं भरतीची ‘पुढची जाहिरात’ दहा-बारा वर्षं पुरते. पहिल्या महिन्याच्या पावतीच्या मागं तारीख लिहा: कोणत्या परीक्षेनंतर पूर्णवेळ बसणं थांबवणार. आणि तारखेबरोबर अट: सलग तीन पूर्ण टेस्टमध्ये गुण मागच्या कट ऑफपासून किती दूर असले तर. तारीख गेल्यावर परीक्षा सोडायची असं नाही, पूर्णवेळ सीट सोडायची. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्ट करून सकाळच्या तीन तासांची अर्धी सीट घेणारे आहेत, आणि त्यांच्या तीन रकान्यांच्या कागदावरचे सोडवलेले प्रश्न पूर्णवेळवाल्यांपेक्षा फार कमी नसतात.

जाहिरात निघाल्यावर धावपळ ही आणखी एक वाईट सवय. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं टंकलेखन प्रमाणपत्र लागतं. त्याचा कोर्स सहा महिन्यांचा, परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, आणि तिच्या तारखा तुमच्या जाहिरातीसाठी थांबत नाहीत. रोज एक तास अभ्यासिकेतून उठून टायपिंगला जाणं पोरांना कमीपणाचं वाटतं, क्लास वनची तयारी चाललेली असते ना. तीन वर्षांनी तेच प्रमाणपत्र नाही म्हणून हातची जागा जाते. तसंच नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, जात वैधता. महिन्यातला एक दिवस कागदांचा ठेवा, मुदती पार्टिशनवरच्या त्याच तक्त्यावर लिहा. तहसीलला चार चकरा ऐन फॉर्म भरण्याच्या आठवड्यात मारायच्या नसतील तर हाच मार्ग.

पैसे भरण्याआधी

एक दिवसाची ट्रायल बहुतेक ठिकाणी मिळते. सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा प्रत्येक अभ्यासिका आदर्श असते. दुपारी तीनला आणि रात्री साडेआठला जा. तीनला किती डोकी टेबलावर टेकलेली आहेत ते मोजा, साडेआठला किती सीट भरलेल्या आहेत ते. स्वच्छतागृह रात्रीच बघा. जिना एकच आहे का, रात्री शटर बाहेरून लावतात का, हेही बघा. तिसऱ्या मजल्यावर चाळीस-पन्नास माणसं, प्लायची पार्टिशनं आणि खाली एकच अरुंद जिना असेल तर कितीही शांत वातावरण असलं तरी ती सीट घेऊ नये. मुलींसाठी वेगळा हॉल बऱ्याच ठिकाणी आहे, पण तो अनेकदा लवकर बंद होतो आणि पैसे मात्र तेवढेच घेतात. तासांच्या हिशेबानं फी कमी करून मागा, दोन-चार जणी मिळून मागितलं की मालक ऐकतात. जिन्यातला आणि गल्लीतला दिवा चालू असतो का, हे फीच्या आधी.

ज्यांना महिन्याचे हजार जड जातात त्यांनी आधी शासकीय जिल्हा ग्रंथालय आणि स्वतःच्या कॉलेजचं वाचनालय गाठावं. वेळा कमी असतात, पण वर मोजलेले पावणेसहा तास तिथं आरामात बसतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासनाच्या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या आणि विद्यावेतनाच्या जाहिराती त्या-त्या गटांसाठी निघत असतात, त्यांच्या तारखा चुकवू नका.

‘तीन महिन्यांचे एकदम भरा, दहा टक्के सूट’ ही योजना घेऊ नये. २७०० भरले आणि महिन्यानं सोडली तर १७०० गेले, वाचणार होते ३००. पहिले दोन महिने सुटे भरा, तक्त्यातला प्रश्नांचा आकडा वाढतोय असं दिसलं तर तिसऱ्यापासून सूट घ्या. अनामतीची पावती वेगळी मागा आणि तीवर सोडण्याआधी किती दिवस कळवायचं ते लिहून घ्या. दिवाळीला आणि सोयाबीनच्या काढणीला गावी जाणारे पंधरा-पंधरा दिवस सीट रिकामी ठेवतात. त्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात धरतात का, हे तोंडी नको, त्याच पावतीवर. लॉकरच्या किल्लीचे शंभर वेगळे घेतले असतील तर तेही.